अर्धा चिरलेला शिरीष

९ फेब्रुवारी

राणीसरकार,

दुकानात नवा काउंटर बसवलास हे वाचून धन्य झाले. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाला काउंटर जुना काय आणि नवा काय. चष्म्यांची दुकानदारीण तू, तुला स्वतःला हे दिसत नाही म्हणजे कमाल आहे. असो. आमच्याकडे त्याहून मोठा तमाशा चालू आहे, तो ऐक.

ह्यांनी चेनसॉ विकत घेतला. झाडं कापतात तोच. सारा जन्म विमा कंपनीत खुर्ची झिजवली, लोकांचे मोडलेले हातपाय कागदावर बघून "दावा नामंजूर" लिहिलं, आणि आता निवृत्त झाल्यावर स्वतःचे हातपाय मोडून घ्यायची हौस आली आहे. ज्या माणसाला घरातला बल्ब बदलता येत नाही, तो म्हणतो, मी ओंडक्यांच्या फळ्या पाडणार. कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणे फोनवर बघितलं.

आणि ओंडके कुठले, तर टाकून दिलेले! नगरपालिका रस्त्यावरची पडलेली झाडं शहराबाहेरच्या आवारात नेऊन टाकते. तिथे एक मशीन आहे, ते आख्ख्या झाडाचा भुगा करतं. ह्यांना त्या भुग्याचं दुःख. माणसांच्या दुःखाला कधी पाझर फुटला नाही, लाकडासाठी गळा काढतात. आवाराच्या रखवालदाराशी गट्टी केली, त्याच्या साहेबाकडून तोंडी "न्या" म्हणवून घेतलं, आणि आता माझ्या कपडे वाळत घालायच्या तारेखाली चार मेलेली झाडं पडली आहेत. त्यांतून मुंग्या निघतात.

मी अशा घरात राहायची नाही. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? महिनाभरात येते. पाहुणी म्हणून नाही, कायमची. ह्यांना अजून बोलले नाही.

— ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

माझ्या गिऱ्हाइकांची चिंता तू करू नकोस. काउंटर बघायला म्हणून तरी येतात.

भाऊजींबद्दल मी काय वेगळं लिहू? तुझ्या लग्नाआधीच मी म्हटलं होतं की हा माणूस पेन्सिलीला टोक करताना जीभ बाहेर काढतो, ह्याच्या हातात काही देऊ नये. तेव्हा तू मला खोलीबाहेर काढलंस. आता त्याच्या हातात चेनसॉ आहे. भोगा.

खोली रिकामीच आहे. तशी ती मला लागते, फ्रेमचे खोके ठेवायला. पण तू येणार असलीस तर खोके जिन्याखाली टाकीन. भिंतींना रंग दिला. तुझ्यासाठी नव्हे, ओल आली होती म्हणून. खिडकीतून सकाळभर ऊन येतं, नंतर कुरकुर चालणार नाही. मला सोबतीची गरज नाही हे तुला माहीत आहे. दुकान बंद करून वर आले की रेडिओ लावते, तो पुरतो. पण तुझी सोय होत असेल तर माझी हरकत नाही.

कधी येतेस ते कळव. नक्की तारीख कळव.

— तुझी धाकटी

१४ मार्च

राणीसरकार,

इतक्यात निघता येत नाही. कारण ऐकून हसशील. हस, मला इथून दिसत नाही.

माळ्यावर चढायची माझी शिडी करवतवीरांनी नेली आणि स्क्रू मारून ओंडक्याच्या पाठीवर बसवली. ओंडका गोल, त्यामुळे पहिला काप सरळ जायला काहीतरी सपाट लागतं, ते म्हणजे माझी शिडी. करवतीला एक लोखंडी चौकट लावायची आणि ती चौकट शिडीवरून ढकलत न्यायची. एकदा वरची साल-पाठ निघाली की खालचा भाग सपाट मिळतो, मग पुढच्या कापांना शिडी नको. एवढं सोपं आहे. पण शिडी बसवताना गवंडी वापरतात त्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आहे का ते बघावं लागतं. ह्यांनी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. पहिली फळी निघाली ती एका टोकाला विटेएवढी जाड आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याएवढी. ती हातात धरून मला म्हणतात, "उतार आला आहे, पाणी साचायचं नाही."

शिवाय हे एकट्याचं काम नाही. काप पुढे गेला की वरची फळी खाली बसते आणि करवत आत आवळली जाते. म्हणून मागून फटीत लाकडी पाचरी ठोकत जायचं. ह्यांनी हाक मारली. मी गेले. प्रेमाने गेले असं समजू नकोस. हात तुटला तर दवाखान्याच्या बाकावर मलाच बसायचं आहे.

धार लावायची तर त्याहून मोठी गंमत. बुटाला पॉलिश करावं तशी कानस चालवतात. ह्या दाताला दोन घासे, त्या दाताला सात, मध्येच चहा. मग करवत एका बाजूला पळते आणि हे म्हणतात लाकूड वाईट आहे! शेवटी मी कानस हातातून ओढून घेतली. सगळ्या दातांना सारखे घासे, एकाच दिशेने, झालं. त्यात काय आहे? आता पिठासारखा भुसा पडत नाही, लांब लांब धागे निघतात. ते बघून हे "वा!" म्हणाले. मी म्हटलं, वा काय वा, बाजूला व्हा.

केसांत भुसा, उशीवर भुसा, काल चहात भुसा. पुढच्या महिन्यात येतेच.

— ताई

२२ मार्च

ताई,

म्हणजे त्याने तुला हमाल केलं. अभिनंदन. आधी फक्त डबा भरून द्यायचीस, आता पाचरी ठोकतेस. बढती मिळाली म्हणायची.

आणि त्या फळ्यांचं पुढे काय? बाजारात हवी तेवढी फळी मिळते, सरळ, गुळगुळीत, दोन्ही टोकांना सारखी. पण नाही, तुमच्या साहेबांना उकिरड्यातून उचलून वाकडी फळी करायची आहे. बघायला येणारे शेजारी तोंडावर "छान छान" म्हणतात आणि घरी जाऊन पोट धरून हसतात, हे तुला सांगायला नको.

मी पलंग घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून. लोखंडी आहे, लाकडाचा तुला आता वीट आला असेल. खिडकीपाशी लावला आहे.

खरं सांग, त्याला सांगायची भीती वाटते का तुला? तसं असेल तर मी सांगते. मला कोणाची भीती नाही.

— धाकटी

६ मे

राणीसरकार,

पत्र लिहायला हात रिकामे नव्हते. गेल्या महिन्यातल्या वादळात मुलींच्या शाळेच्या फाटकाजवळचा शिरीष आडवा झाला. तू बघितला नाहीस, तुला सांगून उपयोग नाही. तीन माणसांच्या कवेत मावत नव्हता. रखवालदाराने निरोप धाडला, आम्ही धावलो, आणि दोन दिवस त्या आवारातल्या लोकांच्या विनवण्या करून बुंधा आमच्या अंगणात आणून टाकला. कुंपणाची एक बाजू काढावी लागली. वरच्या मजल्यावरची गच्चीवाली वरून बघत होती. म्हणाली, "आता घराचं लाकूडकोठार झालं हो." मी म्हटलं, तुमच्या डोक्याचं कधीच झालं आहे. तेव्हापासून बोलत नाही. सुख आहे.

बुंधा इतका रुंद की आमची करवत आरपार पोचेना. दोन्ही कडा आधी छाटून घेतल्या. मी ह्यांना म्हटलं, घाई केलीत तर तुम्हालाच मधे घालून चिरीन. मग बुडबुडा मी बघितला, शिडी मी बसवली, आणि दिवसाला एकच काप, सकाळच्या थंडाव्यात. पहिली फळी उलटली तेव्हा आतून गडद तपकिरी निघाली, कडेला पिवळा पट्टा, आणि ओल इतकी की हात लावला तर तळवा भिजला. हे गप्प उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना गप्प राहता येतं हे मला पहिल्यांदा कळलं.

फर्निचरवाला आला होता, मिशा कुरवाळत. म्हणे, ओलं लाकूड आहे, वाकडं होणार. म्हटलं, ओलं आहे म्हणूनच मधे पट्ट्या घालून रचतो, पट्टीवर पट्टी नेमकी एका रेषेत, म्हणजे वारा खेळतो आणि भार सरळ खाली जातो. टोकांना जुना रंग फासतो, म्हणजे तिकडून पाणी घाईने सुटून तडा जात नाही. मग वर्ष-दोन वर्षं कळ काढतो. तुमच्यासारखं ओल्या लाकडाचं कपाट करून लोकांच्या गळ्यात मारत नाही. गेला निमूट. असल्या लोकांना दुकानं कोण काढू देतं?

गेल्या आठवड्यात करवतीची साखळी तुटली आणि ह्यांच्या अंगठ्याला लागलं. टाके घालावे लागले. टाके घालत असताना हा शहाणा माणूस डॉक्टरला सांगतोय, "हिने धार बरोबर लावली होती, मीच साखळी सैल ठेवली." डॉक्टरला काय करायचं आहे? मूर्ख तो मूर्खच. माझा जीव रोज टांगणीला लागलेला असतो. कधी कधी वाटतं, ती करवत उचलावी आणि नदीत फेकून द्यावी.

येण्याचं पुढे बघू. ओंडका अर्धा चिरून झाला आहे. तो मार्गी लागल्याशिवाय मला इथून हलता यायचं नाही.

— ताई

१३ मे

ताई,

बस झालं आता. अंगठ्यावर निभावलं, उद्या हात जाईल, परवा तुझा. तू स्वतःहून काही करायची नाहीस. लहानपणापासून तुझं हेच. दात ठणकत असला तरी दुसऱ्याने ओढून नेल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढली नाहीस.

तो ओंडका मार्गी लागला की येणार ना? मग कपडे बांधायला घे. पलंगावर गादी टाकली आहे.

— धाकटी

२९ मे

राणीसरकार,

अक्षर लावून घे.

सोमवारी सकाळी बागखात्याची गाडी दारात आली. एक साहेब, चार माणसं. म्हणे तक्रार आली आहे. आवारातलं लाकूड बाहेर द्यायचं नसतं, इतके दिवस कानाडोळा केला, आता परत द्या. ह्यांनी खूप समजावलं. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवणारा माणूस, त्याला नियमापुढे हात जोडताना बघितलं मी. साहेब ढिम्म. शिरीष नेला, त्याच्या रचलेल्या फळ्याही नेल्या. पट्ट्या तेवढ्या अंगणात फेकून गेले.

मी रिक्षा करून गाडीच्या मागे गेले. चपला न घालता गेले, ते तिथे पोचल्यावर कळलं. ओंडका मशीनच्या तोंडात मावेना. तेव्हा त्या माणसांनी अंगठ्यामुळे अर्धा राहिलेला आमचाच काप बघितला. त्यात आमच्या पाचरी तशाच अडकलेल्या होत्या. त्यांच्यावर घण घातले आणि फाडला. मग तुकड्या-तुकड्याने आत घातला. मी शेवटचा तुकडा जाईपर्यंत उभी होते.

त्या शिरीषाची मधली फळी अजून आत होती. तिचं टेबल करायचं मी ठरवलं होतं. ह्यांनाही बोलले नव्हते. तुला म्हणून सांगते, हसू नकोस. उभ्या आयुष्यात मला स्वतःच्या हाताने एखादी गोष्ट नीट जमली असेल तर ती हीच. बाकी सगळं केलं, पण ते कोणीही केलं असतं.

हे आता करवतीकडे बघत नाहीत. खुर्ची टाकून बसतात आणि पेपर वाचतात, जाहिरातींसकट. मी कानस पुढे केली तर म्हणाले, "राहू दे, कशाला." त्यांनी पुन्हा ती वाकडी फळी पाडावी आणि उतार आलाय म्हणावं, मी एक शब्द बोलायची नाही.

आणि तक्रार काय होती माहीत आहे? साहेबाने वाचूनच दाखवली. म्हातारा माणूस बेफिकीरपणे करवत चालवतो, हात कापून घेतला आहे, बायको भेदरली आहे. भेदरली आहे! मी! हे त्या गच्चीवालीशिवाय कोणाचं काम नाही. मी जिना चढून गेले आणि तिच्या दारात उभी राहून तिच्या सात पिढ्यांची धुणी धुतली. ती रडायला लागली. म्हणाली, मी नाही हो केलं. खोटारडी. रडता तरी नीट येतं का बघ.

— ताई

५ जून

ताई,

गच्चीवालीला उगाच फाडलंस. जाऊन माफी माग. फोन मी केला होता.

त्यात एवढं दचकण्यासारखं काही नाही. तुमच्या बागखात्याचा नंबर शोधायलाच मला दोन दिवस लागले, तो साहेब आधी फोनवर यायलाच तयार नव्हता. मी पदरचं काही घातलं नाही. जीव टांगणीला लागलाय, अंगठा कापला, हे सगळं तूच लिहिलं होतंस. करवत नदीत फेकावीशी वाटते, हेही तूच. तुझ्याने फेकवली नसती. म्हणून मी फेकली असं समज. आभार सावकाश मान.

टेबलाचं वाईट वाटलं. पण लाकूडच ते, गेलं. मी तुला छानसं टेबल घेऊन देते, इथे कोपऱ्यावरच दुकान आहे. भाऊजी पेपर वाचतात म्हणतेस, ते बरंच झालं, त्यांना तेवढंच येतं. आता तुला अडवायला तिथे काही उरलेलं नाही. कुठल्या गाडीने येतेस ते कळव. मी दुकान बंद ठेवून स्टेशनवर येईन. सामान फार आणू नकोस, खोलीत सगळं आहे.

— धाकटी

१८ जून

प्रिय बहिणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आमच्यासाठी तू एवढा त्रास घेतलास, त्याबद्दल आम्ही दोघंही तुझे आभारी आहोत. तुझा हेतू चांगला होता याबद्दल मनात शंका नाही. शेजारच्या बाईंची मी त्याच दिवशी माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने क्षमा केली.

ह्यांचा अंगठा आता बरा आहे. खोली तू इतक्या आपुलकीने तयार केलीस, त्याचं कौतुक वाटलं. माझं येणं आता होणार नाही, तरी ती तुझ्या सोयीने वापरावीस. टेबल घेण्याची तसदी घेऊ नये.

तुझा नवा काउंटर सुंदर असणार. दुकानाची भरभराट होवो. प्रकृतीची काळजी घे.

तुझी,
ताई

२५ जून

ताई,

हे काय पाठवलंस?

चार वेळा वाचलं. कुठेतरी टोमणा असेल म्हणून कागद उलटून मागेही बघितलं. काउंटर सुंदर? तू? माझ्या काउंटरला?

आई आपल्याला दिवसभर मेल्यांनो म्हणायची, आणि मावशीला मात्र शेवटच्या वेळी दारापर्यंत पोचवून "या हं पुन्हा, बरं वाटलं" म्हणाली होती. त्यानंतर तिने मावशीचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. तू माझ्याशेजारी उभी होतीस. तेव्हा मला असलं पत्र पाठवू नकोस. मला कळतं ते काय आहे.

कळायचं तेव्हाच कळलं नाही, हे कबूल. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नाही असं तू लिहितेस, तेव्हा मी जेवले की नाही हे विचारतेस हे मला बरोबर समजतं. आणि भाऊजींना मूर्ख, करवतवीर, शहाणा माणूस लिहिलंस ते मात्र मी शब्दाला शब्द धरून बसले. कारण मला तसं वाचायचं होतं. खोलीला ओल आली नव्हती. पलंग स्वस्तात मिळाला नव्हता. रेडिओ पुरत नाही.

त्या साहेबाला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, माझी चूक झाली, त्यांना परवानगी द्या. तो म्हणाला, बाई, एकदा काय ते ठरवा. फोन ठेवला. मी परत करीन, रोज करीन.

तू मला झोड. गाढव लिही, भवानी लिही, आंधळी लिही, सगळं खरं आहे. पानभर नको, कार्डावर एक शब्द पुरे. नुसतं "गाढव" लिही आणि टाक पेटीत. पण ते आशीर्वाद आणि आभार पुन्हा पाठवू नकोस, ताई. हात जोडते.

— धाकटी

१० जुलै

प्रिय बहिणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, वाचून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक आहे. तुझंही तसंच असेल अशी आशा करते.

स्वतःला अशी नावं ठेवू नकोस. तू फार चांगली आहेस.

तुझी,
ताई